पेटीत न गेलेला देव

आत्माराम नागवेकरांना एका जागी बसता येत नाही, हे भाट्ये गावात सगळ्यांना ठाऊक होतं. चौतीस वर्षं बोटीवर काढली, शेवटची पंधरा-सोळा वर्षं सारंग म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. निवृत्त होऊन घरी आले त्यालाही आता तेरा वर्षं झाली होती, पण पाय काही ठरत नव्हते. सकाळी खाडीच्या पुलापर्यंत जाऊन यायचं, आल्या आल्या माडांच्या आळ्यात डोकवायचं, तिथून पडवीत, पडवीतून परत रस्त्यावर. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. त्यांची बायको दमयंती म्हणायची, ह्यांना खुर्ची घेतली ती कपडे टाकायला.

त्यातल्या त्यात ते जरा थांबत ते त्यांच्या खोलीत. जुनं घर काढून नवं बांधलं तेव्हा मुलानं, विनीतनं, वडलांच्या हौसेखातर ही खोली वेगळी ठेवली होती. तीन भिंतींना काचेची कपाटं आणि आत जगभरच्या बंदरांतून आणलेल्या वस्तू. डर्बनचं शहामृगाचं अंडं, जपानची मान हलवणारी बाहुली, ओडेसाचा पितळी समोवार म्हणजे चहाचं पाणी तापवायचं भांडं, ब्राझीलची काचेत बसवलेली निळी फुलपाखरं, आफ्रिकेतले तीन मुखवटे. गावातले लोक खोलीला म्युझियम म्हणत आणि दमयंती अडगळ. कोणी पाहुणा आला की आत्माराम त्याला हाताला धरून तिथे नेत आणि एकेका वस्तूची गोष्ट सांगत. गोष्ट सांगण्यात माणूस मोठा वस्ताद. ते अंडं घेताना कोणाशी किती घासाघीस झाली, समोवार कस्टममधून कसा सोडवला, हे ऐकताना पाहुण्याच्या हातातला चहा गार होऊन जाई.

मधल्या कपाटात, नजरेच्या उंचीवर, बुद्धाची मूर्ती होती. दीड वीत उंच, लाकडाची, वरून लाख आणि सोन्याचा वर्ख. खांद्यावरचा वर्ख उडून खालची तांबडी लाख दिसायला लागली होती. डावा हात मांडीवर, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावरून खाली सोडून बैठकीला टेकलेली. डोळे अर्धे मिटलेले. येणाऱ्याचं लक्ष सगळ्यात आधी तिच्याकडे जायचं, आणि रत्नागिरीत ब्रह्मदेशातली मूर्ती दिसली की माणसाला इंग्रजांनी इथे कैदेत ठेवलेला तिथला थिबा राजा आठवलाच म्हणून समजा. "राजवाड्यातली काय हो?" असं कोणी विचारलं की आत्माराम नुसते हसत. एकदा त्यांनी ती रंगूनच्या बाजारात घेतल्याचं सांगितलं, एकदा एका म्हाताऱ्या भिक्षूनं दिल्याचं, आणि बँकेच्या मॅनेजरला तर सिंगापूरच्या लिलावाची पंधरा मिनिटांची हकिकत सांगितली. बाकीच्या त्रेचाळीस वस्तूंची एकेकच गोष्ट होती. ह्या एकीच्याच दर वेळी वेगळ्या.

घोटाळा झाला तो नम्रतामुळे. नम्रता ही सून. माहेर अलोऱ्याचं, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेली, त्यामुळे प्रत्येक गोष्ट जागच्या जागी आणि नाव लिहून ठेवलेली. विनीत वडलांसारखाच बोटीवर, पण इंजिनीअर, वर्षातले सहा-सात महिने समुद्रात. सासऱ्यांच्या खोलीचे फोटो तिनं हौसेनं कुठेतरी पाठवले आणि पुण्याहून घरांविषयीचं मासिक काढणाऱ्यांचा फोन आला. शनिवारी येतो, खोलीचे फोटो काढतो, मूर्ती मुखपृष्ठावर घेऊ. फक्त प्रत्येक वस्तूपाशी एक कार्ड हवं.

"बाबा, चारच ओळी," नम्रता म्हणाली. "वस्तू, देश, वर्ष आणि कशी मिळाली. तुमच्या हातानं लिहा, छापील नको."

आत्मारामांनी खिडकीत उभं राहून दोन दिवसांत त्रेचाळीस कार्डं लिहिली. अक्षर चांगलं होतं. चव्वेचाळिसाव्या कार्डावर त्यांनी लिहिलं: लाकडी बुद्धमूर्ती. ब्रह्मदेश. १९९९. मग पेनला टोपण लावून ते पुलाकडे चालायला गेले.

बुधवारी ते तीनदा पुलावर जाऊन आले. तिसऱ्या खेपेला परत आले तर नम्रता मूर्ती हातात घेऊन उभी होती आणि तिच्या कपाळावर आठ्या होत्या.

"बाबा, हे बघा. खाली कायम ओला रुमाल असतो. लाकडाला डाग पडलाय. मला वाटायचं आई फूल ठेवतात त्याचं पाणी, पण आई म्हणतात रुमाल तुम्ही ठेवता."

"सरकू नये म्हणून," आत्माराम म्हणाले. "बोट डोलायला लागली की वस्तू सरकतात. खाली ओलं कापड असलं की जाग्यावर राहतात."

"पण घर कुठे डोलतंय?"

रुमाल रोज भिजवून ठेवायची सवय त्यांची नव्हतीच मुळात. ती टिनची होती.

टिन म्हणजे मॉन्ग टिन, ब्रह्मदेशातल्या पथेनजवळच्या एका खेड्यातला. आत्मारामांच्या हाताखाली डेकवर काम करायचा. चौतिशीचा, बारका, बोलायला कमी. मालक ग्रीक, झेंडा पनामाचा आणि खलाशी सात देशांचे अशी ती बोट. टिनच्या केबिनमध्ये बिछान्याच्या उशाला फळी होती, तीवर ही मूर्ती, मूर्तीखाली ओला रुमाल आणि बाजूला सहा वर्षांच्या मुलीचा फोटो. कामावर जाण्याआधी तो मूर्तीपुढे गुडघ्यावर बसे. आत्माराम पहाटे त्याला हाक मारायला गेले की दारात थांबत, त्याचं झाल्याशिवाय हाक मारत नसत. एवढाच काय तो दोघांचा घरोबा. एका पहाटे हाक मारली तर टिन उठलाच नाही. झोपेतच गेला होता. डर्बन मागे पडलं होतं आणि ब्राझीलचं सांतोस बंदर पाच दिवसांवर होतं.

माणूस बोटीवर मेला की त्याच्या सामानाची यादी करतात. एका अधिकाऱ्यानं बोलायचं, एकानं लिहायचं, आणि साक्षीदारांनी खाली सह्या करायच्या. सामान पेटीत भरून, पेटी बंद करून बंदरात घरच्यांकडे पाठवायला द्यायची. भरायचं काम सारंगाकडे आलं. शर्ट चार, विजारी तीन, लुंग्या, रेडिओ, दाढीचं सामान, चपलांचे दोन जोड. पेटी लहान. जागा राहिली होती ती चपलांच्या वर. आणि आत्माराम मूर्ती हातात घेऊन थबकले.

देव असा पेटीत टाकायचा? मेलेल्या माणसाच्या अंथरुणा-पांघरुणात, चपलांच्या वर? हे कुठल्याही दुसऱ्या देशातल्या सारंगाला सुचलं नसतं. त्यानं मूर्ती गुंडाळून सरळ आत कोंबली असती आणि ती गुमान घरी पोचली असती. आत्मारामांचा हात मात्र होईना. घरी सुतक पडलं की देवांना कोणी शिवत नाही, एवढं लहानपणापासून बघितलेलं. त्यांनी टिनचीच एक धुतलेली लुंगी घेतली, तीत मूर्ती गुंडाळली आणि आपल्या केबिनमध्ये नेऊन ठेवली. मनात एवढंच होतं की बंदरात उतरवताना वेगळी हातात देऊ. लिहिणाऱ्याला दिसलीच नाही, म्हणून यादीत आली नाही. आत्मारामांनी साक्षीदार म्हणून सही केली.

इथपर्यंत माणसाचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. चुकलं ते पुढच्या पाच दिवसांत. मूर्ती त्यांच्या फळीवर बसली, खाली ओला रुमाल. रोज कामावरून आल्यावर ती दिसायची. सांतोसला पेटी उतरली तेव्हा एजंटाच्या माणसानं विचारलं, सगळं आलं ना? आत्माराम शिडीपाशी उभे होते. केबिन तिथून दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर. आता सांगितलं तर विचारतील, मग आधी का काढलीस? आणि शिवाय, आता लपवण्यात अर्थ नाही, त्यांना ती सोडवत नव्हती. इतकी वर्षं बंदराबंदरांतून वस्तू घेतल्या होत्या, पण अशी एकही नव्हती. ते म्हणाले, सगळं आलं.

पुढे ते स्वतःला सांगत की आपण विसरलो. विसरले नव्हते. यादीची कार्बन कॉपी त्यांनी आपल्या कागदपत्रांच्या डब्यात जपून ठेवली होती, खाली टिनच्या बायकोचा पत्ता होता. कधीतरी पाठवू. पुढच्या ट्रिपला रंगूनचा माणूस भेटला की देऊ. माणसं भेटली, चांगली दहा-बारा भेटली. दोन हजार आठ सालच्या मे महिन्यात ते सुट्टीवर घरी असताना टीव्हीवर ब्रह्मदेशातल्या वादळाची बातमी लागली, पथेनच्या बाजूची खेडीच्या खेडी पाण्याखाली. आत्मारामांनी टीव्ही बंद केला आणि भर दुपारी आंबे उतरवत असलेल्या गड्यांवर विनाकारण ओरडून आले. त्यानंतर ते मूर्तीबद्दल नव्या गोष्टी जास्तच रंगवून सांगायला लागले.

गुरुवारी त्यांनी कहर केला. काही काम नसताना एसटीत बसून हातखंब्याला गेले. तिठ्यावरच्या टपरीवर उभ्यानं चहा घेतला, मुंबईकडे आणि गोव्याकडे जाणारे ट्रक तासभर बघितले आणि तसेच परत आले. खिशात ते कार्ड होतं. एसटीत त्यांनी चौथ्या ओळीत 'खरेदी' असं पेन्सिलनं लिहिलं आणि घरी पोचेपर्यंत बोटानं पुसून टाकलं. कागद तिथे काळा झाला.

संध्याकाळी नम्रता फोनवर बघून वाचायला लागली. "बाबा, ही पोज प्रसिद्ध आहे म्हणे. तो उजवा हात आहे ना, तो जमिनीला लावलाय. बुद्धाला कोणीतरी विचारलं, तुझ्या बाजूनं साक्ष कोण देणार? तर त्यांनी जमिनीला हात लावला. जमीनच साक्षीदार. मस्त आहे ना? हे कार्डावर घालू या."

"नको," आत्माराम म्हणाले.

"का?"

"नको म्हटलं ना एकदा!"

नम्रतानं फोन उलटा ठेवला. ह्या घरात येऊन अकरा वर्षं झाली होती, सासरे तिच्यावर कधी ओरडले नव्हते. आत्मारामांनाही वाईट वाटलं. सव्वीस वर्षं तो हात त्यांच्यासमोर होता आणि त्यांना वाटायचं, असाच ठेवलाय, आरामात. त्या रात्री ते जेवले नाहीत, पोटात गडबड आहे म्हणाले.

शुक्रवारी दुपारी दमयंती मागच्या पडवीत विळीवर बांगडे कापत होती. आत्माराम तिच्या मागून चार वेळा गेले-आले. पाचव्या वेळी तिनं मान वर न करताच विचारलं, "काय ते बोला. की माज्या माशांची राखण करताव?"

मग त्यांनी सांगितलं. उभ्यानंच, खांबाला धरून, माडाकडे बघत. टिन, पेटी, चपला, लुंगी, शिडीपाशी विचारलेला प्रश्न, वादळ. सगळं. सांगताना त्यांना जाणवलं की ही पहिलीच गोष्ट, जी आपल्याला नीट सांगता येत नाही. दमयंतीनं बांगडा ताटात ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "हात धुवून येते."

ती आली ती तिच्या कपाटातून एक घडी घेऊन. बारीक चौकडीची, हिरव्या-जांभळ्या रंगाची लुंगी. धुतलेली, घड्यांवर फिकट झालेली. डांबराच्या गोळीचा वास येत होता.

"ही तुला कुठं मिळाली?"

"तुमच्याच ब्यागेत. मूर्ती हिच्यात गुंडाळून आणलीत. मी काय आंधळी हाय? नवरा आयुष्यात कधी असली लुंगी नेसला नाय. आणि इकत घेतलेला देव माणूस कागदात बांधून आणतो, दुसऱ्याच्या नेसत्या कपड्यात नाय आणत."

"मग कधी विचारलं नाहीस ते?"

"इचारलं असतं तर तुमी आणखी एक गोष्ट सांगितली असतीत. तुमच्याकडं काय कमी हायत?"

दमयंती पायरीवर बसली. तिचं माहेर बुरोंडीचं, बाप-भाऊ सगळे मासेमारीवर. ती चौदा वर्षांची असताना तिच्या थोरल्या भावाची होडी किनाऱ्याला लागली होती, रिकामी. तिच्या आईनं त्यानंतर वीस वर्षं त्याचं ताट वाढलं होतं.

"तुमाला वाटतं मी फूल कशाला घालते? नम्रता म्हणते कलावस्तू हाय. असंल. मी रोज गाऱ्हाणं घालते त्याला. बाबा रे, तू ज्याच्या घरचा असशील, त्याच्या घरात दिवा लागता ऱ्हाऊ दे. तुझी वाट बघत कोण दारात बसलं असंल तर त्याला बळ दे. आणि आमच्या घरातला माणूस वाट चुकलाय, त्याला जाग्यावर आण." तिनं लुंगी त्यांच्या हातात दिली. "हिच्यात आणलात, हिच्यातच पाठवा."

आत्माराम नागवेकर त्या पायरीवर, बायकोच्या शेजारी बसले आणि रडले. माशांवर माश्या बसायला लागल्या तेव्हा दमयंती उठली.

शनिवारी पुण्याहून तिघं आले. त्यांनी खोली पाहिली, अंड्याचं कौतुक केलं, मुखवट्यांवर दिवे लावले. मधल्या कपाटात मूर्ती नव्हती. पाण्याचा गोल डाग होता आणि पुढे कार्ड. चौथ्या ओळीत, पेन्सिलनं काळ्या झालेल्या जागेवरच, लिहिलं होतं: मेलेल्या सोबत्याच्या सामानातून मी काढून ठेवली आणि परत केली नाही. माझी नाही. घरी पाठवायची आहे.

नम्रतानं ते सकाळीच वाचलं होतं आणि तिचा चेहरा पडला होता. "बाबा, पाठवा ना, पाठवायलाच हवी. पण हे चार लोकांसमोर लिहायची काय गरज?"

"खोटी सही केली ती चार लोकांसमोरच केली होती," आत्माराम म्हणाले.

फोटोवाल्यानं विनंती करून पाहिली. एकच फोटो, पाच मिनिटं, मग पुन्हा बांधून ठेवा. आत्मारामांनी मान हलवली. मुखपृष्ठ गेलं ते गेलंच. मासिकात आत कुठेतरी समोवार छापून आला. पण पाहुणे गेल्यावर नम्रतानंच कागदपत्रांचा डबा मागून घेतला, कार्बन कॉपीतला पुसट पत्ता भिंगानं वाचून काढला आणि विनीतला पाठवला. त्याच्या बोटीवर तीन ब्रह्मी माणसं होती.

आठ दिवस काही आलं नाही. ह्या आठ दिवसांत आत्माराम पुलावर किती वेळा गेले ह्याला गणतीच नाही. खेडं राहिलंय की नाही, कोण जाणे. त्या वादळातून कोणी वाचलं असेल का, वाचलं असेल तर कुठे असेल. आणि तिकडे सध्या चाललेली यादवी बातम्यांत दिसतच होती. लुंगीत गुंडाळलेली मूर्ती दमयंतीनं देवघराच्या कोनाड्यात ठेवली होती आणि गुंडाळीवर रोज फूल पडत होतं. आत्माराम येता-जाता कोनाड्यात डोकावत. रुमाल ठेवायला हात जाई, मग मागे घेत.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, विनीतचा फोन आला. नम्रतानं स्पीकर लावून फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"बाबा, सापडली. बायको वारली, पाच वर्षं झाली. मुलगी आहे. पथेनला शाळेत शिकवते. आमच्या इंजिनरूममधल्या ब्रह्मी मोटरमनच्या भावानं तिला शोधून काढलं, परवा मी स्वतः बोललो तिच्याशी, हा मोटरमनच मध्ये भाषांतर करायला होता. मोटरमन दिवाळीनंतर सुट्टीवर जातोय, तो नेईल. मी त्याच्या आधी घरी येतोय, मूर्ती मी मुंबईला त्याच्याकडे पोचवतो."

"वादळातून वाचल्या?"

"वाचल्या. बाबा, ती एक बोलली. तिची आई म्हणे शेवटपर्यंत विचारायची. पेटी आली, पेटीत सगळं आलं, चपलासुद्धा आल्या, मग देव कसा नाही आला? तिला वाटायचं, नवऱ्यानं शेवटी शेवटी देव विकला असेल. दारूबिरू प्यायला लागला असेल. ते तिला फार लागलं होतं."

चपलांचं नाव निघाल्यावर आत्मारामांनी टेबलाची कड धरली. नम्रतानं खुर्ची पुढे सरकवली, त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्या बाईनं नवऱ्याला एकवीस वर्षं दारुडा समजावं, आणि तो रोज सकाळी गुडघ्यावर बसायचा हे माहीत असलेला एकटाच माणूस इथे पाहुण्यांना लिलावाच्या गोष्टी सांगत होता.

"बाबा? ऐकताय ना? मुलगी विचारते, इतकी वर्षं मूर्ती कुठे होती? काय सांगू? सांभाळून ठेवली होती म्हणून सांगतो."

"नको," आत्माराम म्हणाले. "आधी सांग, तुझा बाप दारू पीत नव्हता. रोज पहाटे देवापुढे बसायचा, मी दारात उभा असायचो, मी साक्षीदार आहे. आणि मग सांग, मूर्ती एका चोराच्या घरी होती."

"बाबा, चोर कशाला—"

"चोरच सांग. शब्द बदलू नको."

स्वयंपाकघराच्या दारात दमयंती उभी होती, हातात आजचं फूल घेऊन. आत्मारामांनी तिच्याकडे पाहिलं आणि फोनवर वाकून म्हणाले, "पण रोज फूल मिळत होतं, एवढं तिला सांग."